उंचीचे दुखणे

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी, हिवरा आश्रम येथे केलेले भाषण)



मंडळाने मला विषय दिला तो 'घरातील रुग्णशुश्रूषा' असा. छत्तीस वर्षे सरकारी दवाखान्यांतून परिचारिकेचे काम केलेल्या बाईकडून या विषयावर काय ऐकायला मिळणार, याचा अंदाज आपण बांधूनच आला असाल. ताप कसा पाहावा, अंथरूण कसे बदलावे, पेज कशी द्यावी, हे सारे आपणा सर्वांना येते. तेव्हा आज मी एकाच दुखण्याविषयी बोलणार आहे. २०२२ सालच्या दिवाळीनंतर माझ्या ओसरीवर एक मुलगी दोन्ही पायांना कडी लावून बसलेली पुष्कळ जणींनी पाहिली. कित्येकींनी विचारले, "पोरीले काय झालं वं सिस्टर? गाडीवरून पडली का?" मी तेव्हा एवढेच म्हणाले की ऑपरेशन झाले आहे. ती माझी भाची, बहिणीची मुलगी. तिच्या संमतीनेच आज बोलते आहे. नाव मात्र सांगणार नाही.

ती पडली नव्हती. तिचे पाय जन्मतः निकोप होते. तिने उंची वाढविण्यासाठी ते पाय मुद्दाम कापून घेतले होते.

हे ऐकून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला येथून दिसतात. माझ्याही पडल्या होत्या. मुलगी सत्तावीस वर्षांची, पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरीला, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून तिने हे केले. उंची चार फूट दहा इंच. आपल्याकडे स्थळाच्या कागदावर नाव, जन्मवेळ, शिक्षण यांच्यानंतर लगेच उंचीचा रकाना येतो. तीन ठिकाणांहून तिला नकार आला आणि तिन्ही ठिकाणी शब्द एकच होते, "मुलगी गुणी आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचे वाक्य बहुधा बायकाच उच्चारतात, हे आपण मान्य केले पाहिजे. पुरुष मंडळी बैठकीत पाऊसपाणी बोलत असतात. मुलीला उभी करून तिची उंची डोळ्यांनी मोजणारी सासू, नणंद, मावशीच असते. पण भाचीने मला सांगितलेले कारण वेगळे होते. ती म्हणाली, "मावशी, लग्नाचं मी सोडून दिलं होतं गं. पण कचेरीत माझ्या हाताखालची मुलंसुद्धा मला लहान पोर समजून बोलतात. मी बोलायला उभी राहिले तरी कुणाला कळत नाही की मी उभी आहे." हे कारण पाय कापण्याइतके मोठे आहे की नाही, यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा पाय कापून झाले होते. कापलेल्या पायाशी वाद घालून हाड भरत नाही.

आता हे शास्त्र काय आहे, ते थोडक्यात सांगते. सोव्हिएत रशियात, सैबेरियातील कुर्गान येथे गाव्हरिल इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होते. महायुद्धानंतर मोडक्या हाडांचे रुग्ण पुष्कळ आणि साधने थोडी, अशा काळात त्यांनी १९५१ च्या सुमारास एक सांगाडा तयार केला. पायाभोवती धातूची गोल कडी, त्या कड्यांतून हाडाच्या आरपार जाणाऱ्या ताणलेल्या बारीक तारा, आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे दांडे. मूळ हेतू मोडलेली हाडे दाबून धरण्याचा. असे सांगतात की एका रुग्णाने नट उलट्या बाजूला फिरविले, हाडाची टोके जवळ येण्याऐवजी दूर गेली आणि त्या फटीत नवे हाड धरलेले डॉक्टरांना दिसले. गोष्ट खरी असो वा रचलेली, तत्त्व खरे आहे. हाड नीट कापून, थोडे दिवस थांबून, मग फार हळू ओढले तर शरीर त्या फटीत नवे हाड तयार करते. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणारा व्हालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावण्याच्या बेतात आला होता. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला गेला आणि पुन्हा उड्या मारू लागला. पश्चिमेकडच्या देशांत ही विद्या पोचली ती १९८० नंतर, कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा जुना न जुळलेला पाय इलिझारोव्हांनी बरा केल्यावर. आपल्या शेजारी अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांनी याच पद्धतीचे केंद्र उभारले, आणि वाकडे, आखूड, न जुळलेले पाय घेऊन दूरदूरचे लोक तेथे येतात. उपाय मुळात या लोकांसाठी आहे. निकोप पायाची उंची वाढविणे हा त्याचा पुढे निघालेला फाटा.

या फाट्याविषयी जगात मतभेद आहेत. चीनने २००६ साली केवळ उंचीसाठी ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. हैदराबादला २०१६ साली एका तरुणाने घरी न सांगता ती करून घेतली, आईवडील पोलिसांत मुलगा हरवल्याची तक्रार देऊन बसले, आणि शेवटी तो रुग्णालयात खाटेवर सापडला. वर्तमानपत्रांत तेव्हा फार गाजले ते प्रकरण. मला त्यात सर्वांत जास्त टोचले ते हे, की त्या मुलाच्या पुढच्या वर्षभराच्या शुश्रूषेचे काय ठरले होते, हे कोणीच विचारले नाही. शस्त्रक्रिया काही तासांची असते. उंची वाढते ती त्यानंतर, आणि ती वाढविण्याचे काम घर करते.

माझ्या बहिणीला संधिवात, तिला उठबस होत नाही. म्हणून भाची माझ्याकडे आली. शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. कुठल्या शहरी, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोन्ही पायांची गुडघ्याखालची हाडे कापून कडी बसविली. सात दिवस काही करायचे नाही, मग फिरकी सुरू. दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नव्हे. पाव मिलिमीटरप्रमाणे चार वेळा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना. दर वेळी दोन्ही पायांचे दांडे, ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या खुणेपर्यंत. मी भिंतीवर कागद लावला होता आणि प्रत्येक फिरकीनंतर पेन्सिलीने रेघ ओढीत असे. स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. एक फिरकी राहिली की दोनदा झाली, असा घोळ मध्यरात्री झाला तर सोडवायला कोणी नसते. वेगालाही कारण आहे. फार हळू ओढले तर हाड मध्येच जुळून बसते, फार जलद ओढले तर फट रिकामी राहते आणि नसा ताणून पावलाला मुंग्या येतात. मुंग्या आल्या, अंगठा वर उचलेना, तर डॉक्टरांना ताबडतोब कळवायचे. आणि एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, पोटरी सुजून कडक झाली, तर वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायचे. हे दोन नियम मी भाचीला नव्हे, शेजारच्या मुलाला पाठ करविले होते, कारण गाडी त्याच्याकडे होती.

दुखते का, असे पुष्कळ जणी विचारतात. दुखते. फिरकीच्या वेळी फारसे नाही, रात्री. दिवसभर ओढलेले स्नायू रात्री तक्रार करतात. मुलगी दोन-दोन वाजेपर्यंत जागी असे. जेवण जाईना. दूध, अंडी, हरभऱ्याची उसळ, शेवग्याच्या शेंगा, तिळाची चटणी, ज्वारीची भाकरी असे मी ताटात वाढीत असे आणि ती त्यातले निम्मे परत करीत असे. हाड हवेतून तयार होत नाही, हे तिला दहादा सांगावे लागले. सकाळचे कोवळे ऊन मात्र ती आनंदाने घेई. माझी ओसरी पूर्वेकडे आहे, म्हणूनच आपण सर्वांनी तिला पाहिले.

तारा जेथे कातडीत शिरतात, त्या जागांची निगा हा दुसरा उद्योग. हात साबणाने धुऊन, उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने, प्रत्येक जागेला वेगळा बोळा घेऊन पुसायचे. एका जागेचा बोळा दुसरीला लावायचा नाही. जागा लाल झाली, पू आला, ताप वाटला तर औषध लगेच सुरू. हळद, तूप, कुठलासा लेप लावू का, असे सुचविणाऱ्या भगिनींचे मन मोडावे लागले, त्याबद्दल वाईट वाटते. पण ती जागा थेट हाडापर्यंत जाणारी उघडी वाट असते, तेथे घरगुती औषध चालत नाही. एवढे करूनही दोन वेळा पू झालाच.

आता उशीची गोष्ट सांगते. बहीण मुलीला भेटायला आली आणि आल्या आल्या तिने लेकीच्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकविली. मुलीला बरे वाटले, आईला बरे वाटले. मी उशी काढून घेतली. दोघी माझ्यावर रागावल्या. पण गुडघ्याखाली उशी ठेवली की गुडघा वाकलेला राहतो, आणि ताणले जाणारे स्नायू त्याला तसाच धरून ठेवतात. उशी ठेवायची तर टाचेकडे, म्हणजे गुडघा सरळ पडेल. आमच्या धंद्यात प्रेमाचे पुष्कळ प्रकार असे असतात की जे नंतर व्यायामशाळेत रडून फेडावे लागतात.

गुडघ्यापेक्षा घोट्याने जास्त छळले. हाड लांब होते, पण पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर तितक्या राजीखुशीने लांबत नाही. ती आखडते, पाऊल खाली झुकते, आणि माणूस उभा राहिला की टाच जमिनीला टेकत नाही. यासाठी तळपायाला टॉवेल अडकवून दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरायचे, अर्धा मिनिट, असे अनेकदा, दिवसातून पाच-सहा वेळा. वॉकर धरून उभे राहायचे, चालायचेसुद्धा. हाडावर वजन पडले तर ते बरे धरते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तीन सेंटिमीटर झाले होते आणि टाच बोटभर वर राहू लागली होती. डॉक्टरांनी फिरक्या चाराच्या तीन केल्या. तिला ते मानवले नाही. तिने मनात पाच फूट हा आकडा धरला होता. चार फूट दहा इंचांचे पाच फूट करायला पाच सेंटिमीटरांहून थोडे अधिक लागते.

डिसेंबर संपत आला तेव्हा चार सेंटिमीटर सहा मिलिमीटर झाले होते. पाच फुटांना अर्धा सेंटिमीटर कमी. टाच टॉवेलनेही टेकेना. डॉक्टर म्हणाले, येथे थांबणे शहाणपणाचे; पण आणखी आठवडाभर ओढता येईल, मात्र मग टाचेसाठी वेगळी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव वाढेल, निर्णय तिचा. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. भिंतीवरच्या कागदाकडे पाहत बसली. अर्धा सेंटिमीटर म्हणजे, भगिनींनो, भाकरीच्या जाडीएवढे. तेवढ्यासाठी इतके सोसलेली मुलगी थांबायला तयार होईना, यात मला आश्चर्य वाटले नाही. इतके सोसले होते म्हणूनच तर थांबणे कठीण होते. मी तिला एकच विचारले, "तुला पाच फूट उभं राहायचं आहे की मांडी घालून बसायचं आहे?" इंग्रजी पुस्तकांत रुग्ण चालू लागला की बरा झाला असे मानतात. आपल्याकडे पंगतीला बसायचे असते, शेतात उकिडवे बसायचे असते, लेकराला मांडीवर घ्यायचे असते. टाच न टेकणाऱ्या बाईला उकिडवे बसता येत नाही. पहाटे तिने हाक मारली आणि म्हणाली, "मावशी, आजची फिरकी नको." कागदावरची शेवटची रेघ ३० डिसेंबरची आहे.

यानंतर पुष्कळांना वाटले की आता कडी निघतील. खरे थांबणे येथूनच सुरू होते. ओढून झाल्यावर फटीतले हाड क्ष-किरणात धुक्यासारखे दिसते. ते घट्ट व्हायला ओढायला लागला त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. चार बाजूंपैकी निदान तीन बाजूंना हाडाची भिंत धरलेली दिसावी, तेव्हा कडी काढायची. या काळात करण्यासारखे काही नसते, आणि म्हणून मन खचते. फिरकी असताना निदान रोज काहीतरी वाढत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती फार रडली. "मी हे का केलं" असेही म्हणाली. अशा वेळी "आम्ही सांगत नव्हतो का" हे वाक्य जिभेवर येते. बहिणीच्या आले, मी तिला स्वयंपाकघरात नेले.

जानेवारीतच विवेकानंद जयंतीचा उत्सव झाला. आपल्या गावच्या महाप्रसादाचे वर्णन आपणांपुढे काय करावे! लाखो माणसे शेतात पंगतीने बसलेली, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून वाढायला येते. तिने ते कधी पाहिले नव्हते. आम्ही तिला खुर्चीवर पंगतीच्या कडेला बसविले. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायकांनी कडी पाहिली, पण कुणी बोट दाखविले नाही. या गावाला दुखणेकरी नवे नाहीत. शुकदास महाराज हयात असताना त्यांच्याकडे दूरदूरचे रुग्ण येत, त्यामुळे पायाला काय झाले हे विचारण्याआधी पाणी देण्याची येथे रीत आहे.

त्याच पंगतीतली एक बाई दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आली. तिच्या मुलीचा एक पाय जन्मापासून तीन बोटे आखूड. मुलगी तेरा वर्षांची, कमरेतून हेलपाटत चालते. बाई ओसरीवर बसून बराच वेळ कड्यांकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "सिस्टरबाई, हे माह्या पोरीच्या पायाले लागते का?" मी म्हटले, तिच्यासारख्यांच्याच पायासाठी हे काढले आहे. तिने विचारले, "मंग हिचा पाय कोणता आखूड होता?" मी भाचीकडे पाहिले. भाचीने स्वतः उत्तर दिले, "माझे दोन्ही सारखे होते, काकू." बाई काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेही सांगते. ती फक्त हिशेब करीत होती. नंतर भाचीने कागद मागून घेतला आणि त्या मायलेकींना काय काय विचारावे लागेल, किती महिने, कोणती तपासणी, मुलीच्या वाढीचे वय, शाळेचे काय, सरकारी योजनेत खर्च बसतो का, हे सगळे लिहून दिले. माझ्याहून तिने चांगले लिहिले. ते लोक पुढे मुलीला दाखवूनही आले. त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे.

उन्हाळा वाईट गेला. बेचाळीस अंशांच्या उन्हात धातूची कडी तापतात, घामाने तारांच्या जागा चिघळतात, वीज जाते. पांढऱ्या ओल्या फडक्याने कडी पुसणे आणि कूलरपुढे खाट लावणे याखेरीज मला दुसरा उपाय सापडला नाही. जुलैच्या आरंभी कडी निघाली. पाय काठीसारखे बारीक झाले होते. नवे हाड अजून कोवळे, म्हणून आणखी दीड महिना कुबड्या, मग एक काठी. २०२३ च्या दिवाळीत ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसली आणि करंज्या वळल्या. उकिडवे बसताना उजवी टाच अजून किंचित उचलते. पोटऱ्यांवर तारांचे वाटाण्याएवढे डाग आहेत, ते जाणार नाहीत. उंची पाच फुटांना अर्धा सेंटिमीटर कमी. कचेरीत आता तिला काय म्हणतात, ते मी विचारले, ती हसून म्हणाली, "तेच म्हणतात. पण मी आता उत्तर देते." हे उत्तर पायांनी शिकविले की त्या आठ महिन्यांनी, मला ठरविता आलेले नाही.

कुणाच्या घरात मुलामुलीने हा विषय काढला, तर त्याला झिडकारू नका. झिडकारलेली मुले हैदराबादच्या मुलासारखी न सांगता जातात. पण त्याच्याजवळ बसून वर्षाचा कागद करा. फिरकी कोण फिरविणार, रात्री कोण जागणार, नोकरीतून रजा किती, शौचाला कमोडची खुर्ची कुठे ठेवणार, चाळीस-पन्नास वेळा क्ष-किरणाला आणि तपासणीला कोण नेणार, पू झाला तर पैसा कुठून येणार. आणि सर्वांत आधी, पाय सारखे असताना हा आकडा कोणी मनात घातला. स्थळाच्या कागदावरचा तो रकाना आपण बायकांनी रिकामा सोडायचे ठरविले तर छापखानेवाला काही आपल्यावर दावा लावणार नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट सांगून बसते. भाचीचा वॉकर, दोन कुबड्या, कमोडची खुर्ची आणि पाठ टेकायची लाकडी फळी माझ्या घरी पडून आहे. पाय मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या कोणाच्याही घरी ती वापरता येईल. अध्यक्षाबाईंशी बोलले आहे; हे सामान मंडळाच्या खोलीत ठेवू, वहीत नाव लिहून न्यावे, अनामत नको. परत आणताना वॉकरच्या पायांची रबरी बुटे झिजली नाहीत ना, एवढे मात्र पाहावे. फरशीवर तो घसरला तर नव्याने हाड मोडेल.